परसबागेतील कीटक : फवारणीपूर्वीचे दहा दिवस

आमच्या वाडीत विहिरीच्या कठड्यालगत कढीपत्त्याचे एक झाड आहे. आमच्या आणि शेजारच्या दोन घरांतील फोडण्या या एकाच झाडावर चालतात. गेल्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, वहिनी सकाळी पाने तोडायला गेल्या आणि रिकाम्या हातांनी परतल्या. "भावोजी, झाड गेलं. शेंडे सगळे अळ्यांनी खाल्ले. आज संध्याकाळी औषध मारून टाका," असे त्यांनी सांगितले. मी जाऊन पाहिले. त्यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. कोवळ्या फांद्यांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या आणि मोजल्यावर सतरा अळ्या भरल्या. मी वहिनींकडे दहा दिवसांची मुदत मागितली. "दहा दिवस बाजारातून कढीपत्ता तुम्ही आणायचा. अकराव्या दिवशी मी कोणाचं ऐकणार नाही," या अटीवर ती मिळाली.

मुदत मागण्यामागे माझा एक जुना अनुभव होता. तो पुढे सांगतोच. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरामागे अजून थोडी वाडी उरली आहे. ज्यांची वाडी गेली, त्यांच्या गॅलरीत चार कुंड्या तरी आहेतच. तेथे किडा दिसला की आपल्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : याला मारायचे कशाने? त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा किडा कोणाला खातो, आणि याला कोण खाते? याचे उत्तर पुस्तकातून अर्धे मिळते. उरलेले अर्धे झाडापाशी उभे राहूनच मिळवावे लागते.

कढीपत्त्यावरील पाहुणे

कढीपत्ता आणि लिंबू ही एकाच कुळातील झाडे. या कुळावर आपली पिल्ले वाढवणारी दोन फुलपाखरे आपल्याकडे घरोघरी येतात. एक पिवळसर-काळ्या ठिपक्यांचे, त्याला मराठीत लिंबाळी म्हणतात. दुसरे काळे, मागच्या पंखांवर पांढरी पट्टी असलेले, ते बहुरूपी. हे नाव त्याला शोभून दिसते, कारण नर एकाच रूपाचा असला तरी मादी तीन रूपांत आढळते. एका रूपात ती नरासारखीच दिसते. उरलेल्या दोन रूपांत ती अंगावर लाल ठिपके असलेल्या दोन विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करते. ज्या पक्ष्याने एकदा ते विषारी फुलपाखरू तोंडात घेऊन थुंकलेले असते, तो या निरुपद्रवी मादीच्याही वाटेला जात नाही. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले निळे-काळे मोठे फुलपाखरूही याच घराण्यातील, आणि तेही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते.

मादी झाडावर येते तेव्हा ती काय करते, हे अवश्य पाहावे. ती पानावर क्षणभर टेकते, पुढचे पाय पानावर झपाझप आपटते आणि उडते. पुन्हा दुसऱ्या पानावर तेच. फुलपाखराच्या पायांत चव घेण्याची शक्ती असते. पान योग्य झाडाचे आहे, याची खात्री ती पायांनी चाखून करते आणि मगच शेंड्याकडच्या कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळे, गोल अंडे चिकटवते. एका जागी एकच. सगळी अंडी एकत्र घातली, तर ती एकाच शत्रूच्या हाती पडतील आणि पिल्लांना खाणेही पुरणार नाही.

साधारण तीन दिवसांनी अळी बाहेर पडते. पहिले काही दिवस ती तपकिरी-काळी असून पाठीवर पांढरा पट्टा असतो. पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखीच ती दिसते. पक्षी आपलीच विष्ठा कशाला खाईल? अळी मोठी झाली की हे सोंग चालत नाही, कारण एवढी मोठी विष्ठा लहान पक्ष्याची असू शकत नाही. म्हणून शेवटची कात टाकल्यावर तिचा रंग पानासारखा हिरवा होतो. तिला काडीने हलकेच डिवचून पाहा. डोक्यामागून लालसर, दुभागलेले एक शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि लहान शिकारी कीटक या वासाने मागे हटतात. आमच्या घरातील मुलांना या शिंगाने जितके वेड लावले, तितके कोणत्याही खेळण्याने लावले नसेल.

इतकी सारी तयारी असूनही बहुतेक अळ्या मरतात. त्या कशाने मरतात, ते पाहण्यासाठीच मला दहा दिवस हवे होते.

पहिला घाला अंड्यावरच पडतो. डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा सूक्ष्म गांधिलमाश्या फुलपाखराच्या अंड्यात आपले अंडे घालतात. अशा अंड्याचा रंग काळपट होतो आणि त्यातून अळीऐवजी माशी बाहेर येते. यातून वाचलेल्या अळीच्या शोधात वळचणीला कागदी घर करणारी नेहमीची गांधीलमाशी झाड पालथे घालते. ती अळीचे तुकडे करते, चावून गोळी बनवते आणि घरट्यातील आपल्या पिल्लांना भरवते. या माशीला आपण फक्त डंखामुळे ओळखतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी मात्र आपल्या देशातील अशाच एका साध्या गांधीलमाशीच्या समाजव्यवस्थेचा कित्येक दशके अभ्यास केला. वाटेवरचे घरटे काढावे लागते हे खरे, पण अडगळीच्या कोपऱ्यातील घरटे राहू दिले, तर ते वाडीच्याच कामी येते.

त्याहून विलक्षण म्हणजे कोशाची शिकार करणारी इवलीशी माशी. कोश करण्यासाठी स्थिर बसलेल्या अळीशेजारी ती येऊन थांबते. कोशाचे कवच नवे असताना मऊ असते, आणि तेवढ्या थोड्या अवधीतच तिला त्यातून अंडी आत सोडता येतात. म्हणून ती आधीच येऊन बसते. असा कोश बाहेरून जसाच्या तसा राहतो. पुढे एके दिवशी त्याला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडते आणि त्यातून एकामागून एक डझनावारी माश्या निघतात.

वालावरचा मावा

आता तो जुना अनुभव. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात आमच्या वालाच्या मांडवावर मावा पडला. कोवळे शेंडे, फुलांचे दांडे, लहान शेंगा, सगळे काळ्या किड्यांनी लडबडून गेले. घरात पाहुणे, गोठ्याची सजावट, करंज्यांची गडबड. विचार करायला सवड नव्हती. मी दुकानातून बाटली आणली आणि सायंकाळी फवारणी केली. तिसऱ्या दिवशी मांडव स्वच्छ झाला आणि मला माझ्या तत्परतेचे कौतुक वाटले. नवे वर्ष उजाडून आठवडा होतो न होतो, तोच मावा परत आला, आणि पहिल्यापेक्षा दाट. मी पुन्हा फवारले. औषधाच्या वेष्टनावर फवारणी आणि तोडणी यांमध्ये किती दिवसांचे अंतर ठेवावे, हे छापलेले असते. ते अंतर दुसऱ्या फवारणीमुळे आणखी लांबले, आणि शेंगा वेलावरच निबर झाल्या. त्या वर्षी वालाची उसळ आम्ही विकतच्या वालाची केली.

असे का घडले, हे पुढच्या हिवाळ्यात समजले. त्या वेळी मी फवारणी न करता वही घेऊन मांडवाखाली बसलो.

माव्याची वाढ समजून घेतली की सारा हिशेब उलगडतो. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात दिसणारा मावा जवळजवळ सगळा मादीच असतो. तिला नराची गरज नाही आणि ती अंडीही घालत नाही. ती थेट पिल्लांना जन्म देते. जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढील पिढीचे भ्रूण आधीच वाढू लागलेले असतात. सुमारे आठवडाभरात ते पिल्लूही आई होते. म्हणजे फवारणीतून, पानाच्या मुडपलेल्या कडेआड, एक मादी जरी वाचली, तरी मांडव पुन्हा भरण्यास ती समर्थ असते.

माव्यावर जगणाऱ्यांचे तसे नसते. माझ्या वहीतील नोंदी अशा : मावा दिसल्यापासून चौथ्या दिवशी नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला ढालकिडा आला. सहाव्या दिवशी पानाखाली उभ्या मांडलेल्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका सापडला. नवव्या दिवशी त्यातून काळपट, सहा पायांच्या, इवल्या मगरीसारख्या अळ्या निघून शेंड्याकडे सरकू लागल्या. येथेच बहुतेकांची चूक होते. ढालकिड्याला सगळे ओळखतात, त्याच्या पिल्लाला कोणी ओळखत नाही. त्या काट्याकाट्यांच्या अळ्याच मावा पाडत आहेत, अशा समजुतीने लोक त्या चिरडतात. मीही पूर्वी चिरडल्या आहेत.

त्याच सुमारास सिरफिड माश्या आल्या. ही माशी मधमाशीसारखी पिवळी-काळी दिसते, पण तिला नांगी नसते. फुलासमोर हवेत जागच्या जागी तरंगत राहणे ही तिची ओळख. तिची अळी पायांविना, डोळ्यांविना, अर्धपारदर्शक असते. ती डोके इकडेतिकडे हलवत माव्याला स्पर्शाने शोधते, उचलून हवेत धरते आणि शोषून रिकामे कातडे टाकून देते. एक अळी वाढ पूर्ण होईपर्यंत शेकडो मावा संपवते. माशी स्वतः मात्र केवळ मध आणि परागकण खाते. म्हणून वाफ्यातील कोथिंबिरीची चार रोपे उपटून न टाकता फुलू द्यावीत. तिच्या बारीक पांढऱ्या फुलांवर या माश्या हमखास येतात.

एका पानाखाली केसासारख्या देठांच्या टोकांवर उभी असलेली पांढरी अंडी दिसली. हिरव्या जाळीदार पंखांच्या, शेतकरी ज्याला क्रायसोपा म्हणून ओळखतात, त्या कीटकाची ती होती. त्याची पिल्ले जन्मतःच इतकी खादाड असतात की अंडी जवळजवळ घातली, तर पहिले पिल्लू भावंडांनाच खाऊन टाकेल. म्हणून प्रत्येक अंडे वेगळ्या देठावर.

आणि सर्वांत शेवटी दिसले ते फुगलेले, वाळक्या गवताच्या रंगाचे, न हलणारे मावा. भिंगातून पाहिले, तर प्रत्येकाच्या पाठीला गोल झाकणासारखे भोक. दोन मिलिमीटर लांबीची एक गांधीलमाशी जिवंत माव्याच्या पोटात अंडे घालते, अळी आतून त्याला पोखरते आणि त्याच्याच वाळलेल्या कातड्यात कोश करून, झाकण कापून बाहेर येते. अशी वाळलेली कातडी दिसू लागली की समजावे, पारडे फिरले.

पहिला मावा आणि हे दृश्य यांमध्ये सुमारे तीन आठवडे गेले. सुरुवातीचे दहा दिवस मांडव दिवसेंदिवस वाईट दिसत होता, हे मी लपवणार नाही. भक्ष्य वाढल्याशिवाय भक्षक येत नाही आणि आल्यावरही त्याला पिल्ले वाढवायला वेळ लागतो. नेमक्या याच मधल्या काळात आपला धीर सुटतो. तेव्हा फवारणी केली, तर उघड्यावर हिंडणारे ढालकिडे, सिरफिडच्या अळ्या आणि गांधिलमाश्या आधी मरतात. आडोशाचा मावा वाचतो आणि त्याला आठवड्यात पुन्हा उभे राहता येते, भक्षकांना मात्र पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. माझा पहिल्या वर्षीचा मावा दुपटीने परतला, तो यामुळे. दुसऱ्या वर्षी दोनतीन शेंडे वाया गेले, पण वालाच्या शेंगा घरात आल्या. मधल्या दिवसांत अगदीच राहवले नाही, तेव्हा मी नळीच्या पाण्याच्या जोरदार धारेने मावा पाडला. त्याने कोणाचेच फारसे नुकसान होत नाही.

मुंगी कोणाच्या बाजूची?

माव्याजवळ मुंग्या असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मावा झाडाचा रस पितो. त्यात साखर भरपूर आणि पोषक द्रव्य थोडे, म्हणून तो पुष्कळ रस पिऊन जास्तीची साखर थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंगी मिश्यांनी त्याला गोंजारते आणि तो थेंब पिते. पानांवर पडलेल्या या चिकट थेंबांवर पुढे काजळीसारखी काळी बुरशी वाढते. मुंग्या या गुरांची राखणही करतात. ढालकिड्याच्या अळीला चावून त्या कशा खाली लोटतात, ते दुपारी पाच मिनिटे उभे राहिल्यास दिसेल. म्हणून मांडवाच्या खांबांवर आणि वेलाच्या बुंध्याशी कागद गुंडाळून त्यावर ग्रीस लावले, तर मुंग्यांची वाट बंद होते आणि मित्रकीटकांना काम करता येते. ग्रीस सालीला थेट लावू नये.

तर मग मुंगी आपली वैरीण? चवळीच्या वेलाकडे पाहिल्यास हे उत्तर टिकत नाही. चवळीच्या फुलांच्या दांड्यावर, फुलाच्या बाहेर, मधाच्या लहान ग्रंथी असतात. फुलाबाहेरचा हा मध मुंग्यांसाठीच असतो. तो पिण्यासाठी त्या दांड्यावर सतत फिरतात आणि शेंगा शोषणाऱ्या किड्यांना हुसकावतात. वेल त्यांना जणू राखणदारीचा पगार देते.

चिकूच्या किंवा आंब्याच्या झाडावरील तांबड्या मुंग्यांचे, ज्यांना कोकणात ओंबील किंवा हुमले म्हणतात, तेही असेच. त्या पानांचे घर शिवतात. मोठ्या मुंग्या साखळी करून दोन पाने जवळ ओढतात, आणि दुसऱ्या मुंग्या तोंडात आपल्याच अळ्या धरून, विणकराने धोटा फिरवावा तशा एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरवतात. रेशीम अळीच्या तोंडून निघते. इ.स. ३०४ सालचा मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात संत्र्याच्या बागांसाठी अशा मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याचा उल्लेख आहे. त्या झाडावरील कितीतरी किडी फस्त करतात. पण याच मुंग्या पिठ्या ढेकणांना आणि खवले किडीला आसरा देतात. मित्र आणि शत्रू अशा दोन खणांत यांना घालायचे, तर एकाच मुंगीचे दोन तुकडे करावे लागतील.

पिठ्या ढेकणांचा विषय निघालाच आहे, तर जास्वंदीकडेही वळू. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, ते हेच. ते पुसून काढण्यापूर्वी त्यातील एखादा पुंजका चालतो आहे का, हे पाहावे. काही ढालकिड्यांच्या अळ्या अंगावर तसेच पांढरे मेण वाढवून या ढेकणांच्या कळपात वावरतात आणि त्यांनाच खातात. आणखी एक नवल म्हणजे एका करड्या-तपकिरी छोट्या फुलपाखराची अळी पाने न खाता केवळ पिठ्या ढेकूण खाते. तिच्या कोशाकडे पाहिल्यास माकडाचा चेहरा दिसतो. आमच्या जास्वंदीवर तो मला एकदाच सापडला.

कुंभारीण आणि भृंगाची गोष्ट

खिडकीच्या चौकटीवर किंवा काटकीवर चिखलाचे इवले मडके करणारी कुंभारीण सर्वांच्या परिचयाची आहे. मडक्याला चक्क लोट्यासारखा काठ असतो. अळी ध्यासाने भृंग होते, हा दृष्टांत मराठी परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. भृंग अळीला मातीच्या घरात कोंडतो, ती भयाने त्याचेच चिंतन करते आणि शेवटी स्वतः भृंग होऊन बाहेर पडते. ज्याने हा दृष्टांत प्रथम रचला, त्याचे निरीक्षण चोख होते. अळी आत जाताना आणि माशी बाहेर येताना त्याने खरोखर पाहिली असली पाहिजे. मधल्या काळात मडक्याच्या आत काय चालते, तेवढेच त्याला दिसले नव्हते.

कुंभारीण मडके झाल्यावर छतापासून बारीक धाग्याला आपले अंडे टांगते. मग पालेभाजीवरील अळ्यांना डंख मारून त्यांना लुळ्या करते आणि एकेक आणून आत भरते. त्या मेलेल्या नसतात, म्हणून कुजत नाहीत. तोंड लिंपून ती निघून जाते आणि पिल्लाला पुन्हा कधी भेटत नाही. पिल्लू तो ताजा शिधा खाऊन वाढते आणि भिंत फोडून बाहेर येते. एका मडक्यामागे वाफ्यातील कित्येक अळ्या कमी होतात, हा आपला व्यावहारिक लाभ.

उंबराचेही असेच. उंबर फोडले की केंबरे निघतात, म्हणून ते फोडू नये, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. ती केंबरे म्हणजेच उंबराच्या बंद फळात शिरून आतील फुलांचे परागीकरण करणाऱ्या माश्या. त्यांच्याविना उंबराला बी धरत नाही आणि उंबराविना त्यांना घर नाही. बावखलाच्या काठी झाड असेल, तर म्हण मोडून एकदा फळ फोडून पाहावेच.

जेथे थांबणे पुरेसे नसते

थांबणे हे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील पपईचा पिठ्या ढेकूण २००८ साली तमिळनाडूतील कोइम्बतूर परिसरात प्रथम आढळला आणि तेथून महाराष्ट्रासह इतर राज्यांत पसरला. पपईच्या बागा पांढऱ्या पडल्या. परक्या देशातून आलेल्या या किडीबरोबर तिचे शत्रू आले नव्हते, त्यामुळे नुसती वाट पाहून काही होणार नव्हते. अखेर २०१० साली बंगळुरूच्या कृषिकीटकविषयक राष्ट्रीय संस्थेने अमेरिकन कृषिखात्याच्या साहाय्याने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परजीवी गांधिलमाश्या आणून सोडल्या. त्यांतील एक जात इतकी प्रभावी ठरली की कीड झपाट्याने ओसरली. संबंध तुटला होता, तो माणसाला जोडून द्यावा लागला.

नारळाच्या शेंड्यात शिरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या बाबतीतही वाट पाहू नये. तो तारेच्या आकड्याने ओढून काढावा आणि शेणाच्या खड्ड्यातील त्याच्या पांढऱ्या, जाड अळ्या वेचाव्यात. आणि डेंग्यूचा डास! कुंडीखालच्या ताटलीत अंड्याचा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा निरीक्षणाची हौस बाजूला ठेवून ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी.

पाहायचे कसे?

इंग्लंडमधील लेस्टर शहराच्या उपनगरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ ते २००१ अशी तीस वर्षे आपल्या घराच्या बागेतील जीवांची नोंद ठेवली. ती बाग म्हणजे काही अरण्य नव्हते. भाजी, फुलझाडे आणि हिरवळ असलेली साधी घरगुती बाग होती. त्यांच्या यादीत २,६७३ जाती जमा झाल्या आणि त्यांपैकी १,९९७ कीटकांच्या होत्या. आपल्या उष्ण, दमट किनारपट्टीवर एखाद्या घराने अशी वही ठेवली, तर काय निघेल, याची कल्पना करून पाहावी.

त्यासाठी साधने थोडी लागतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग, शंभरपानी वही आणि मोबाइलचा कॅमेरा पुरेसा आहे. पानाची वरची बाजू पाहून परत फिरू नये. नाट्य पानाखाली चालते. फांदीखाली पांढरा कपडा धरून फांदी हलवली, तर पानांत दडलेले कीटक त्यावर पडतात. वेळ बदलून पाहावी. घोसाळ्याची फुले पहाटे उमलतात आणि त्यांवर मधमाश्या येतात. दोडक्याची मात्र सायंकाळी उमलतात आणि दिवेलागणीनंतर मोठे पतंग त्यांना भेट देतात. वहीत 'किडा दिसला' एवढेच लिहून उपयोग नाही. कोणत्या झाडावर, काय खात होता, सोबत कोण होते आणि दुसऱ्या दिवशी किती उरले, हे लिहावे. नाव ठाऊक नसले, तरी अडत नाही. माझ्या वहीत 'मगर', 'झाकणवाला' आणि 'वानरतोंड्या' अशीच नावे पुष्कळ दिवस होती.

आता कढीपत्त्याचा निकाल. पहिल्या दिवशी अळ्या सतरा होत्या. चौथ्या दिवशी अकरा उरल्या. त्यांपैकी दोन गांधीलमाशीने नेताना मी स्वतः पाहिल्या, आणि एक बुलबुलाने उचलली. सातव्या दिवशी सहा. दहाव्या दिवशी वहिनी स्वतः मोजायला आल्या. त्यांना तीन सापडल्या, तिन्ही हिरव्या आणि गलेलठ्ठ. "तीन म्हणजे काही औषध मारण्याएवढ्या नव्हेत," असे म्हणून त्यांनी बाटली परत कपाटात ठेवली, पण बाजारातून कढीपत्ता आणण्याचे काम माझ्याकडेच राहू दिले.

तिघींपैकी एक अळी नाहीशी झाली. दोघींनी कोश केले. मुलांनी ते फांदीसह बरणीत ठेवून वर मलमलचे फडके बांधले. पहिल्या कोशातून सकाळी सातच्या सुमारास काळे, पांढऱ्या पट्टीचे फुलपाखरू निघाले, पंख वाळेपर्यंत फांदीला लटकले आणि विहिरीवरून उडून गेले. दुसरा कोश हळूहळू तपकिरी पडला. मुलांनी तो मेला असे समजून टाकून द्यायचे ठरवले होते, तेवढ्यात त्याला छिद्र पडले. बरणीच्या काचेवर अडतीस सोनेरी-हिरव्या माश्या मोजता आल्या. धाकटीने फडके सोडले आणि त्या कढीपत्त्याकडे गेल्या की आणखी कोठे, हे कोणालाच दिसले नाही.

सप्टेंबरात झाडाला खालपासून नवी पालवी फुटली. पाने तोडता तोडता वहिनींनी मला हाक मारली आणि एका शेंड्यावरचे पिवळे अंडे दाखवले. ती फांदी सोडून त्यांनी शेजारची पाने तोडली.